खुर्च्यांखालचा तलाव

मित्रांनो, मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे, हे सांगितल्याशिवाय तुम्हांला कळायचं नाही. नेरूळच्या एका कॉलेजात, जिमखान्यामागे मी आहे. माझ्यावर आता फळ्या, फळ्यांवर गालिचा आणि गालिच्यावर दोनशे खुर्च्या आहेत.

माझ्या निळ्या फरश्या बसवायला कारागीर महिनाभर खपले होते. कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर माझा फोटो होता. कौतुक सगळ्यांनी केलं, पण काळजी घेतली ती एकट्या धर्मराजकाकांनी. ते सारसोळ्याचे कोळी, मुलांना पोहायला शिकवायचे. उजाडता उजाडता येऊन पाण्यावरचा पाचोळा जाळीने काढायचे.

त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. पोहताना श्वास पाण्याखाली सोडावा लागतो; नवखी मुलं घाबरून तो कोंडून धरतात. काका म्हणायचे, "घरी बोलाय जमत नाय ते पान्यात बोल. पानी कोनाला सांगत नाय." मग मुलं पाण्यात तोंड घालून बोलायची आणि श्वास आपोआप सुटायचा. वर नुसते बुडबुडे यायचे. शब्द माझ्याकडे राहायचे.

कामोठ्याची मनस्वी दुसऱ्या वर्षाला होती. तीन विषय राहिले होते, झोप उडाली होती. पहिल्या दिवशी ती पाण्याखाली काय बोलली ते मी सांगणार नाही. ऐकून मी हादरलो, एवढंच सांगतो. ती रोज येऊ लागली. आठवडाभर तेच वाक्य, मग दिवसाआड. दोन महिन्यांनी ती पाण्याखाली चक्क गाणं म्हणू लागली.

"काका, काल दहाला झोपले ती डायरेक्ट सकाळी उठले," ती केस पुसत म्हणाली. "आई बोलली, आजारी आहेस का?"

"आजारी व्हतीस, आता बरी झालीस," काका म्हणाले. "पन खाडा करू नको."

तिने खाडा केला नाही. कॉलेजने केला. तपासणी समिती येणार होती, त्या समितीला मानसिक आरोग्याचं दालन दाखवायचं होतं आणि कॉलेजकडे जागा नव्हती. माझ्यात कधी कोणी बुडालं नव्हतं, तरी 'उगाच धोका कशाला' म्हणून माझं पाणी सोडून दिलं, काकांना घरी बसवलं आणि माझ्यावर फळ्या टाकून दालन थाटलं. मनस्वी टॉवेल घेऊन आली तेव्हा वॉचमन म्हणाला, समिती गेल्यावर बघू. समिती चांगला शेरा देऊन गेली, म्हणून दालन कायमचं झालं.

गेल्या आठवड्यात इथे ताणतणावावर व्याख्यान होतं. पाहुण्या बाईंनी पडद्यावर पोहणाऱ्या मुलांचा फोटो दाखवला. नियमित पोहा, मन हलकं होतं, असं त्या म्हणाल्या. फोटो माझाच होता, माहितीपत्रकातला. टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "कोणाला मनातलं काही बोलायचंय?" दोनशे मुलांत, सरांच्या देखत, कोण बोलणार?

मनस्वी तिसऱ्या ओळीत कडेला होती. तिने चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकून गालिच्याची कड उचलली, फळीच्या फटीला तोंड लावलं आणि हळूच बोलली. तेच, पहिल्या दिवसाचं वाक्य.

मित्रांनो, पाणी असतं तर मी ते वाक्य ठेवून घेतलं असतं आणि तिला पलीकडच्या काठाला पोचवलं असतं. काकांच्या शब्दाला जागून मी ते कोणाला सांगणार नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तुमच्यापैकीच कोणीतरी बसतं. त्याने तिला विचारावं, आजच. आणि या फळ्या काढा. कोरड्या खड्ड्यात ते वाक्य अजून घुमतंय.