सव्वाचार किलो दुखणं

बोरमळ्याच्या पारावर गुरुवारी सकाळी आठपासूनच रांग लागायची, आणि रांगेतला प्रत्येक जण कंबर, गुडघा नाहीतर मान धरून उभा असायचा. ज्याचं काहीच दुखत नव्हतं, तोही आठवून आठवून एखादा सांधा चोळत राहायचा. कारण गावात तोलनाथ महाराज आले होते आणि ते दुखणं काढून देत होते. नुसतं काढून नव्हे, वजन करून.

"डॉक्टर काय करतो?" महाराज माइकवरून विचारत. "फोटो काढतो! अहो, दुखणं काय केस विंचरून फोटोला उभं राहणार आहे? आमच्याकडं अंदाजपंचे काम नाही. इलेक्ट्रॉनिक काटा! दुखणं ग्रॅमात!"

विधी साधा होता. काट्यावर लाल कापडाचा पाट ठेवायचा आणि त्यावर माणसाला बसवायचं. लाल आकडा सगळ्यांना दिसायचा. मग महाराज मोरपीस फिरवून मंत्र म्हणायचे आणि माणूस उठून मडक्याभोवती तीन फेऱ्या मारायचा. तेवढ्यात संगप्पा नावाचा त्यांचा मिशाळ शिष्य पाटाची शुद्धी करायला पडद्याआड जायचा आणि पाट घेऊन परत यायचा. माणूस पुन्हा बसला की आकडा खाली आलेला! जेवढं वजन कमी, तेवढं दुखणं गेलं. ते मडक्यात भरून संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात सोडलं जायचं.

त्यामुळं धरणातल्या माशांची पंचाईत झाली. त्या माशांना आता कंबरदुखी असणार, या भीतीनं गावानं मासे खाणं सोडलं. इकडं दुखण्यावरून मानपान सुरू झाले. सरपंच ज्ञानबांचं दुखणं जेमतेम सव्वा किलो भरलं, त्यात त्यांच्या चुलतभावाचं अडीच निघालं. सरपंच आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. गावात दुखणं सव्वा, अडीच आणि सव्वाचार अशा तीनच मापांत निघत होतं, पण तेलाच्या डब्यांसारखी ही मापं आली कुठून, हे कुणी विचारलं नाही.

सव्वाचार किलोचा मान अनसूयाचा होता.

अनसूया हमरस्त्यावरच्या खासगी वजनकाट्यावर कामाला होती. ऊस कारखान्याला नेण्याआधी शेतकरी तिथं वजन करून घ्यायचे, कारण आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या वजनाशिवाय त्यांना चैन पडत नसे. तिचे खांदे सहा वर्षांपासून दुखत होते. खांद्यातून कळ निघायची ती बोटांपर्यंत जायची, कधी कमरेत उतरायची, आणि सकाळी उठताना अंग दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटायचं. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्त तर किती वेळा दिलं. सगळं नॉर्मल. त्या 'नॉर्मल'चा तिला संताप यायचा. सोलापूरच्या डॉक्टर दाक्षायणी मॅडम तेवढ्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला दुखतंय हे खरं आहे. कशामुळं, ते मला अजून कळलेलं नाही. शोधत राहू." त्यांनी गोळ्या आणि व्यायाम दिला होता.

सासू गंगम्माला मात्र हे पटत नव्हतं. "मशीन खोटं बोलत न्हाय. कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय?"

पण महाराजांच्या काट्यानं एकसष्ट किलो अडीचशे ग्रॅमवरून सरळ सत्तावन्न दाखवलं आणि गंगम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "सव्वाचार किलो! एवढं अंगावर घेऊन भाकऱ्या थापत हुतीस व्हय गं पोरी?" घरी जाताना तिनं सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली. दोन दिवस चूल तिनंच सांभाळली. अनसूयाला त्या दोन दिवसांत खरंच बरं वाटलं, आणि ते महाराजांमुळं की आयत्या भाकरीमुळं, हा विचार करायची तिला गरज वाटली नाही. महाराजांनी सांगितल्याप्रमाणं तिनं गोळ्याही बंद केल्या.

पुढच्या गुरुवारी पुन्हा एकसष्ट अडीचशे, पुन्हा सव्वाचार गेलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. "दुखणं परत भरतंय, वाऱ्या चालू ठेव," महाराज म्हणाले. तोवर तिचा उजवा हात वेणी घालायलाही वर जाईना. तीन वाऱ्यांत पावणेतेरा किलो दुखणं धरणात गेलं होतं आणि कळ होती तिथंच होती.

मंगळवारी शिवू ट्रॅक्टरवाला काट्यावर आला. "ताई, माझं मागचं रिकामं वजन धरू नगा. ट्रॉलीला नवा लोखंडी फाळका बसवलाय. रिकाम्या गाडीचं वजन परत करा."

"बरं," म्हणत अनसूयानं बटणाकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला. रिकामी गाडी! फाळका बदलला की वजन बदलतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मग महाराजांच्या पाटाचं रिकामं वजन कुणी केलं होतं?

त्यानंतरचे दोन दिवस तिला जड गेले. पाट खोटा निघाला, तर सव्वाचार किलो जाणार. त्याबरोबर गंगम्माची माया जाणार आणि पुन्हा 'कामाचा कंटाळा' सुरू होणार. गप्प बसावं असं तिला मनापासून वाटलं. पण गोळ्या बंद केलेली ती एकटी नव्हती. रांगेत रक्तदाबाची माणसं होती, साखरेची होती.

गुरुवारी महाराजांनी तिला बोलावलं. "बस बाई."

अनसूया उभीच राहिली. "महाराज, आदी रिकामा पाट करा की."

"काय?"

"रिकामं वजन. ह्या पाटाचं, आन् नंतर जो आणता त्येचं बी."

रांगेतली मागची माणसं पुढं सरकली. मग सरपंच ज्ञानबा ओरडले, "आयला, व्हय की! रिकामी गाडी कुनी केलीच न्हाय!" रिकाम्या ट्रॉलीचं वजन केल्याशिवाय पावती न घेणारे दीडशे ऊसवाले एकमेकांची तोंडं बघू लागले.

"पाट म्हणजे काय ट्रॉली वाटली? भस्म व्हाल!" महाराज गरजले. पण सरपंचांनी पाट काट्यावर टेकवलाही होता. सव्वापाच किलो. संगप्पा पडद्याआडून हळूच निघाला होता, त्याला शिवूनं काखेतल्या पाटासकट परत आणला. तसंच लाल कापड, तसाच आकार, आणि वजन बरोबर एक किलो. पडद्यामागं आणखी दोन पाट सापडले. उलटे केले तर तिन्ही जड पाटांना खालून लोखंडी प्लेट बसवलेली होती, एकीचं वजन सव्वा किलो, दुसरीचं अडीच, तिसरीचं सव्वाचार.

"मूर्खांनो! पाटानं तुमचं दुखणं शोषलं, म्हणून तो जड झाला!" महाराज म्हणाले, आणि दोघातिघांनी लगेच पुन्हा हात जोडले.

"शोषलं असतं तर मानूस उठल्यावर पाट जड झाला असता," अनसूया म्हणाली. "ह्यो तर बसायच्या आदीच जड हाय. आन् दुखण्याला स्क्रू कशाला लागत्यात?"

हसण्याचा मोठा लोंढा उठला. सरपंचांनी पोलीस ठाण्याला फोन लावला, तसे महाराज कंबर धरून मटकन खाली बसले. "पाठीत लई कळ आली हो. मला दवाखान्यात न्या!"

"आदी पाटावर बसा की," मागून कुणीतरी म्हणालं. "किती किलो हाय ते बगू."

गर्दी पांगायला लागली आणि ज्याची अनसूयाला भीती होती तेच गंगम्माच्या तोंडून आलं. "म्हंजी तुला काय झालंच न्हवतं म्हन की."

अनसूयानं मान खाली घातली नाही. "पाट खोटा हाय, आत्याबाई. माजं दुखणं खोटं न्हाय. काट्यावर येत न्हाय, फोटूत दिसत न्हाय, म्हनून ते न्हाईच असं कसं? डॉक्टरीणबाई म्हनल्या, मला अजून कळलं न्हाय. ह्यो म्हनला, सव्वाचार किलो. ज्येला कळलं न्हाय आन् जो तसं तोंडावर सांगतो, त्यो निदान शोधतोय तरी. न शोधता जो ग्रॅमात सांगतो, त्येला रिकामा पाट मागायचा. मग त्यो कुनी का असंना."

गंगम्मा जवळ आली. तिनं सुनेचा उजवा हात हातात घेतला आणि बोटं चाचपून पाहिली. मग सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आज कुटं दुखतंय?"

"खांद्यात. तितनं पार करंगळीपत्तर."

"आन् सोलापूरला कदी जायचंय?"

"सोमवारी."

"मी येती संगं," गंगम्मा म्हणाली. "तू सांगताना रडतीस आन् निम्मं सांगायचं ऱ्हातं."