गाण्यातली बाई

निंगने इअरफोनची एक गोळी उजव्या कानात बसवली, दुसरी गळ्यावर लोंबत ठेवली आणि मोबाइल भावाच्या काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला.

"तिन्ही ॲप लावून बघितली, कुया. तिन्हींत नाहीये."

"काय नाहीये?"

"बाई."

इसिद्रो, तिचा कुया म्हणजे थोरला भाऊ, स्पीकरच्या जाळीवरची धूळ पुसत होता. चर्चमधली सकाळची शेवटची मिस्सा आटोपली होती आणि रविवार असल्याने दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. त्याने फडकं खाली ठेवलं.

"कुठली बाई?"

"आईच्या गाण्यातली. रेडिओवर लागायचं ते. तो विचारतो, ती उत्तर देते. आता बघ, तो विचारतो आणि पुढे नुसती गिटार. मग पुन्हा विचारतो. एकटाच बडबडत बसलाय बिचारा, वेड लागल्यासारखा."

इसिद्रोला हसू आलं. निंग हाँगकाँगहून कायमची परत येऊन महिनाच झाला होता. बावीस वर्षं तिने तिथे दुसऱ्यांची घरं आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळली. आता आपल्या गावी, मारिकिनात, आईच्या रिकाम्या घरात ती एकटी राहत होती आणि नव्या मोबाइलवर रोज काहीतरी नवं उघडून बसत होती.

गाण्याचं कुठलं ॲप घ्यावं हे विचारायला लोक इसिद्रोकडे लांबून येत. स्पीकर आणि हेडफोन विकायचं त्याचं दुकान लहानसंच होतं, पण तो मोबाइलवर व्हिडिओही टाकत असे: कुठल्या ॲपचा आवाज किती स्वच्छ, जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे की नाही. चाळीस हजार माणसं ते बघत. दोन रेकॉर्डिंगमधला केसाएवढा फरक त्याला कळतो असं म्हणत. पंचक्रोशीत त्याच्या कानांचं नाव होतं.

"त्याचं असं असतं," तो सवयीच्या सुरात म्हणाला, "स्वस्तातली ॲप गाणं दाबून पाठवतात. लहान पिशवीत कपडे कोंबावेत तसं. त्यात बारीकसारीक जे असतं ते चेपलं जातं."

"बाई बारीकसारीक आहे होय?"

"तसं नाही गं."

"मग चांगल्यातलं चांगलं सांग. महिन्याला किती का पडेना. आजवर मालकिणीची झोप मोडू नये म्हणून पांघरुणात तोंड घालून ऐकलं. आता मला सगळं ऐकायचंय."

तुला महागडं कशाला, असं इसिद्रोच्या ओठांवर आलं होतं. एका कानाला साधं ॲपही पुरे, हे त्याने दुसऱ्या कुणाला सहज सांगितलं असतं. निंगचा डावा कान सहाव्या वर्षीच गेला होता. पण त्या कानाचा विषय घरात कुणी काढत नसे, आणि इसिद्रो तर कधीच नाही.

"थांब," तो म्हणाला. "आधी फुकटातलं ऐक, मग महागातलं. फरक तुझा तुलाच कळेल."

त्याने तिला दुकानाच्या मधोमध असलेल्या वेताच्या खुर्चीत बसवलं. गिऱ्हाइकाला मोठे स्पीकर ऐकवायचे असले की तो तिथेच बसवत असे. मग आपल्या मोबाइलवर त्याने फुकटचं ॲप उघडलं, गाणं शोधलं आणि लावलं. गिटार झाली. पुरुषाने पहिली ओळ म्हटली, आणि त्यामागोमाग, मोकळ्या, किंचित खरखरीत आवाजात, एक बाई गाऊ लागली.

निंग ताडकन उठली.

"हीच! अरे, हीच ती!" तिने छातीवर हात ठेवला. "आहे रे आहे. मला वाटलं होतं, मेल्यांनी काढूनच टाकलं तिला." मग ती बाईबरोबर गायला लागली. शब्द चुकत होते, सूर नाही. कडवं संपल्यावर तिने भावाचा दंड धरला. "कुठलं हे? हेच घ्यायचं मला. किती पैसे?"

"फुकटचं आहे," इसिद्रो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझ्याकडे आहे तेच."

"काहीतरीच. माझ्यात बाई नाहीये."

इसिद्रो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं. त्या काळी दोन बाजूंनी आवाज यायचं नवल होतं, म्हणून असली गाणी भरताना पुरुषाला पुरता उजवीकडे ठेवत आणि बाईला पुरती डावीकडे. हे त्याने आपल्या व्हिडिओंतून तीन वेळा तरी रंगवून सांगितलं होतं. निंगच्या गळ्यावर लोंबणाऱ्या त्या दुसऱ्या गोळीत बाई केव्हाची गात होती.

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने तिचा मोबाइल घेतला. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायचं बटण कुठे असतं हे त्याला पाठ होतं, तरी बोट दोनदा चुकीच्या जागी पडलं. मग बटण हिरवं झालं. त्याने गाणं पहिल्यापासून लावलं आणि मोबाइल तिला परत दिला.

निंग पुन्हा खुर्चीत बसून ऐकत राहिली. यावेळी ती गायली नाही. तिचे ओठ थोडे उघडे होते. गाणं संपल्यावर तिने दुसरं लावलं, मग तिसरं, प्रत्येकाचं थोडं थोडं.

"ह्यात व्हायोलिन आहे," ती म्हणाली. मग, "अगं बाई, ह्यात मागे पोरं गातायत." एकदा तर ती मोठ्याने हसली. आणि मग हसता हसताच तिने विचारलं,

"कुया, हे बटण मोबाइलमध्ये कधी आलं?"

"बरीच वर्षं झाली."

"किती?"

"दहा. बारा असतील."

"तुला ठाऊक होतं?"

इसिद्रोने फडकं उचललं, त्याची घडी घातली, मोडली.

"हो."

"दर नाताळला हेडफोन पाठवायचास. निळे, काळे, ते कानावर बसणारे मोठे. इतकी पत्रं, इतके फोन. बटण आहे एवढं सांगायला काय जात होतं तुझं?" तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "विसरलास?"

विसरलो म्हटलं असतं तर चाललं असतं. तिने ते मानलंही असतं. पण कानाचा विषय काढायचा तर त्याच्या मागोमाग दुसरंही काही निघेल या धास्तीने त्याने इतकी वर्षं काढली होती, आणि आता विषय तिनेच काढला होता.

"डोमिंगने नव्हता लावला," तो म्हणाला.

"काय?"

"तो फटाका. नवीन वर्षाचा. शेजारच्या डोमिंगने नाही, मी लावला होता. दुधाच्या डब्याखाली."

निंगने कानातली गोळी काढली.

"डबा किती उंच उडतो ते बघायचं होतं. फुटेना, म्हणून तू जवळ जाऊन वाकलीस. मी बघत होतो, निंग. हाक मारायला वेळ होता. तू दचकशील, मजा येईल, असं वाटलं म्हणून नाही मारली. बाबा धावत आले तेव्हा डोमिंग तिथे फुलबाजी घेऊन उभा होता. मी त्याचं नाव सांगितलं."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रायसिकल रिक्षा फटफटत गेली. निंग खुर्चीच्या हाताकडे बघत होती.

"त्याला खांबाला बांधला होता त्याच्या बापाने," ती म्हणाली.

"हो."

"पट्ट्याने मारलं."

"हो."

"तो ओरडत होता, सिद्रोने लावला, सिद्रोने लावला. आई म्हणाली, बघा कार्टं, चर्चमध्ये फादरच्या हाताखाली सेवा करणाऱ्या मुलाचं नाव घेतंय." तिने मान वर केली. "तू कुठे होतास तेव्हा?"

"खिडकीत."

इसिद्रो तिच्या रडण्याची वाट बघत होता, शिव्यांची वाट बघत होता. दोन्हींची तयारी त्याने चाळीस वर्षं केली होती.

"पहिल्यांदा हाँगकाँगला निघाले ना," निंग म्हणाली, "तेव्हा त्याने बूट पाठवले होते. आईच्या हातून. स्वतः शिवलेले. काळे, मऊ तळव्याचे, दिवसभर उभं राहावं लागेल म्हणून. माप कसं कळलं कोण जाणे. मला वाटलं, कान फोडला आणि आता बूट देतोय. विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकले मी ते. एकदा पाय घालून बघितला तेवढंच."

"निंग..."

"त्याची बायको गेली तेव्हा मी सुट्टीवर आले होते. चर्चच्या दारात त्याने हात पुढे केला. मी तोंड फिरवलं. सगळे बघत होते." ती उठली. "माझा कान गेला तो गेला. त्याचं मला इतकं नाही. पण मला तू हे करायला लावलंस."

तिने छत्री घेतली.

"चल."

"कुठे?"

ती शटरकडे वळली.

"आत्ता नको. जेवायची वेळ आहे. तो जेवत असेल."

"मग जेवत असेल," निंग म्हणाली आणि शटरखालून वाकून बाहेर पडली.

डोमिंगचं घर दोनच गल्ल्यांवर होतं. इसिद्रो एरवी दुकानात येताना नदीकडून वळसा घालून येई, म्हणजे ते लागत नसे. निंग पुढे चालत होती. उन्हात तिची छत्री सरळ, न हलता जात होती. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि तो येतोय की नाही याची तिला शंकाही नसावी.

दार उघडंच होतं. आत चामड्याचा आणि डिंकाचा वास होता, भिंतीला लाकडी साचे ओळीने टांगले होते. डोमिंग टेबलाशी एकटाच जेवत होता: भात, सुका मासा, वाटीत मिरची घातलेलं व्हिनेगर. केस पार पांढरे झालेले, चष्म्याला दोरी बांधलेली. दारात सावली पडली तशी त्याने मान वर केली. त्याची नजर, चांभाराच्या सवयीने, आधी निंगच्या पायांकडे गेली. निंगने पाय मागे घेतले.

डोमिंगने मागे उभा असलेला इसिद्रो पाहिला. मग मनगटाने तोंड पुसून उठला.

"या," तो म्हणाला. "जेवायला या."

"जेवायला नाही आलो आम्ही," निंग म्हणाली.

"दारात आलेल्या माणसाने असं बोलू नये. बसा. मासा आहे अजून."

त्याने दोन ताटल्या पुसून आणल्या, भात वाढला, टेबलावरचे खिळे आणि हातोडी हाताने बाजूला सारली. निंग खिडकीशी बसली. डोमिंगने आपलं स्टूल उचललं आणि टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या हाताला आणून ठेवलं. तिथे खिडकीतलं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. डोळे बारीक करून तो तिच्याशी बोलू लागला: हाँगकाँगला थंडी फार असते का, आईच्या घराचं छप्पर अजून गळतं का. ती हो, नाही, एवढंच म्हणत होती.

इसिद्रो ते बघत होता. सकाळपासून आपण तिच्या कुठल्या बाजूला उभं राहून बोललो, ते काही केल्या त्याला आठवेना.

"घे की, सिद्रो," डोमिंग म्हणाला. "गार होतंय."

इसिद्रोने एक घास तोंडात घातला. निंग खाली मान घालून माशातले काटे काढत होती. ती त्याच्या मदतीला येणार नव्हती. त्याने चमचा ताटलीच्या कडेला ठेवला.

"डोमिंग," तो म्हणाला, आणि पुढचं काहीतरी पुटपुटला.

डोमिंगचा हात वाटीवरच थांबला. तो थोडा पुढे झुकला.

"जरा मोठ्याने बोल," तो म्हणाला. "ऐकू नाही आलं."