पिवळी रेघ

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. नवा आहे तो फक्त माझा रंग. पूर्वी मी हिरवा होतो. आता वाळूसारखा दिसतो, कारण मला एका अरब देशाच्या सैन्याला विकले आहे.

माझा जन्म बासष्ट साली अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ झाला. पुढची वीस वर्षे मी जर्मनीच्या चिखलात आणि बर्फात काढली. लढाई एकही पाहिली नाही. संचलनाच्या दिवशी मुले माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत, तेवढेच माझे कौतुक. मग नवे रणगाडे आले आणि मी कुंपणाच्या कडेला गंजत पडलो. चौऱ्याऐंशी साली मला दुरुस्तीसाठी परत मिशिगनला आणले, तेव्हा माझ्या चाकांवरच्या पट्ट्यांमध्ये गवत उगवले होते.

तिथल्या कारखान्यात मला उत्तरा भेटली. ती मूळची पुण्याची, राहायला जवळच्याच ट्रॉय गावात. दुरुस्त झालेले भाग तपासणे हे तिचे काम. कारागिराने बोल्ट मापात घट्ट आवळला, की ती त्यावरून एक बारीक पिवळी रेघ ओढत असे. अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. रेघ सरळ म्हणजे बोल्ट पक्का. त्यानंतर त्याला कोणी पाना लावत नसे. सगळे रेघ बघत आणि पुढे जात.

नियम असा होता, की बोल्ट तिच्यासमोर आवळायचा. पण त्या आठवड्यात फार घाई होती. आम्हा बारा रणगाड्यांना शुक्रवारच्या मालगाडीने बंदराकडे निघायचे होते. वॉल्टर नावाचा कारागीर माझ्या हवा गाळण्याच्या पेटीचे बोल्ट आवळत होता. आठ झाले आणि जेवणाची घंटा वाजली. उरलेले चार त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले. जेवण झाल्यावर त्याला दुसऱ्याच रणगाड्याकडे बोलावले. उत्तरा आली, तिने बाराही बोल्ट जागेवर पाहिले आणि बारा रेघा ओढल्या.

मला तोंड आहे, पण ते तोफेचे. मी सांगणार कसा? माझे इंजिन खूप हवा ओढते. पेटी सैल असेल, तर हवेबरोबर वाळू आत जाते आणि इंजिन आतून घासून काढते. वाळवंटात मी थोड्याच दिवसांत बंद पडलो असतो, आणि तेही उघड्यावर, पोटात चार माणसे घेऊन. शुक्रवार जवळ येत होता आणि माझ्याजवळून जाणारा प्रत्येक जण त्या सरळ रेघा बघून मान डोलावत होता.

त्या चार माणसांतला एक, अरब सैन्यातला सार्जंट हमदी, मला चालवायला शिकण्यासाठी कारखान्यात आला होता. आधी आठ वर्षे त्याने रशियन रणगाडा चालवला होता. त्या गाडीचा तेराचा पाना अजून त्याच्या खिशात असे. त्यांच्याकडची मापे मिलिमीटरची, माझी इंचाची. आपली कोणती हत्यारे चालतील, हे तो बुधवारी माझ्या हवा गाळण्याच्या पेटीच्या बोल्टवर लावून बघत होता.

"हमदी, ठेव तो पाना! बोल्टची डोकी खराब होतील," उत्तरा ओरडली.

"मॅडम, वाळवंटात तुमचा पाना हरवला, तर मी काय दातांनी फिरवू?" तो हसत म्हणाला आणि त्याने जरासा जोर दिला.

बोल्ट सहज फिरला. पिवळी रेघ दुभंगली.

हमदीचे हसू मावळले. "मॅडम, यावर तर तुमची रेघ आहे."

उत्तराने शेजारचा बोल्ट बोटांनी फिरवून पाहिला. तोही फिरला. तिचा चेहरा उतरला. त्या आठवड्यात बाराही रणगाड्यांवर तिने बोल्ट आवळताना न बघताच रेघा ओढल्या होत्या.

ती तडक त्र्यंबककाकांकडे गेली. ते तिथले जुने इंजिनिअर. तिला ही नोकरी त्यांनीच सुचवली होती.

"अगं, एवढंच ना? टाइट कर आणि नवी रेघ मार," काका म्हणाले. "बाकीच्या अकरा रणगाड्यांचं कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, काका."

"रिपोर्ट केलास तर ट्रेन चुकेल. वरिष्ठांकडे तुझंच नाव जाईल. नोकरी जाईल, उत्तरा."

"आणि नाही केला तर? हमदी माझी रेघ बघून त्यात बसणार आहे."

काकांनी टेबलाचा खण उघडला. त्यांनीच कोरा फॉर्म काढून तिच्यापुढे सरकवला. "लिही. मीही सही करतो."

शुक्रवारची मालगाडी आमच्याविना गेली. वॉल्टरने एकेका रणगाड्याचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळला आणि उत्तरा शेजारी उभी राहून बघत राहिली. माझ्याशिवाय आणखी तिघांचे बोल्ट सैल निघाले. तिची नोकरी वाचली, पण तपासणीचे काम गेले. तिला कागदपत्रांच्या टेबलावर बसवले. आम्ही निघालो त्या दिवशी ती कुंपणापाशी आली होती. तिने आपली पिवळ्या रंगाची पेन्सिल हमदीला दिली.

"आधी पाना, मग रेघ," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, त्याला आता पाच वर्षे झाली. इथे वाळू फार उडते, पण माझे इंजिन अजून धडधडते आहे. तुम्हीही एखाद्या कामावर 'झाले' अशी खूण कराल, तेव्हा आधी हात लावून बघा. त्या खुणेच्या भरवशावर कोणीतरी आत बसणार असते.

हमदी रोज सकाळी माझे बोल्ट तपासतो आणि जी रेघ पुसट झाली असेल ती पुन्हा ओढतो. त्याचा हात उत्तरासारखा नाही. रेघ थोडी वाकडी येते. बोल्ट मात्र पक्का असतो.