चंपतरावांच्या खिशातली डबी

मित्रांनो, माझ्यासारख्या पुष्कळ जणी तुमच्याही घरात असतील. स्वयंपाकघराच्या फळीवर, चहापत्तीच्या मागे, झाकण जरासं वाकडं बसलेल्या. मी एक जुनी स्टीलची डबी आहे. चपटी, लांबट, तळहातावर मावेल एवढी. माझं आयुष्य बहुतेक खिशातच गेलं. म्हणून माझी कहाणी म्हणजे त्या खिशाच्या धन्याचीच कहाणी आहे.

भिलाईजवळच्या हथखोजला, एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याच्या तुकड्यावर प्रेसचा एक दणका बसला आणि माझं पोट तयार झालं. दुसरा दणका बसला आणि झाकण झालं. पॉलिशच्या चाकाला लावलं तेव्हा अंग नुसतं पोळून निघालं, पण नंतर मी अशी चकाकले की मला घडवणाऱ्या बाईने माझ्यातच बघून आपली टिकली नीट केली.

भिलाईतल्या सेक्टर सहाच्या बाजारातून मला सुजाताबाईंनी विकत घेतलं. लवंगा आणि विलायची ठेवायला. काय सुगंधी दिवस होते ते! पण ते फार टिकले नाहीत. सुजाताबाईंचे यजमान चंपतराव रामटेके पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. सिगारेटचं पाकीट खिशात चेपतं म्हणून त्यांनी एके सकाळी माझ्यातल्या लवंगा वाटीत ओतल्या आणि मला उचललं.

"अवो, मी मसाल्यासाठी आणली ना ते!" सुजाताबाई म्हणाल्या.

"तू दुसरी आण. हे मले बराबर बसते," असं म्हणत चंपतरावांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं. मी बरोबर बसले, हे मात्र खरं.

कारखान्याच्या आत सिगारेटला बंदी होती. म्हणून गेटापाशी मला स्कूटरच्या डिकीत ठेवलं जायचं. आठ तास मी तिथे अंधारात तापत पडायची आणि चंपतराव वर, छताजवळच्या क्रेनच्या केबिनमध्ये एकटेच बसायचे. ड्यूटी सुटली की आम्ही दोघं भेटायचो आणि मरोद्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जायचो. तिथे बाकावर श्यामराव वाट बघत बसलेले असायचे.

श्यामराव भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले. चंपतरावांबरोबर एकाच साली कामाला लागले होते. "जय भीम, श्यामराव." "राम राम, चंपत." एवढं झालं की माझं झाकण उघडायचं. एकाच काडीवर दोघांच्या सिगारेटी पेटायच्या. मग ते काही फारसं बोलायचे नाहीत. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचा गुडघा, गावाकडचं धान. पण त्या बाकावर शेजारी बसून दोघं असा धूर सोडायचे, जणू दिवसभराचं ओझं उतरवून ठेवताहेत. टपरीवरचे लोक मला हातात घेऊन बघायचे, "डबी मस्त हाय राजा," म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा. माझ्या पोटात काय आहे, याचा विचार मी कधी केलाच नाही.

वर्षं गेली. चंपतरावांची मुलगी संघमित्रा पुण्याला नोकरीला लागली, तिथेच तिचं लग्न झालं, आणि तिला जुळी मुलं झाली. सुजाताबाई तिच्या मदतीला म्हणून गेल्या. थोडे दिवस म्हणून गेल्या होत्या. पण पोरं लहान, संघमित्राची नोकरी, आज-उद्या करता करता त्या तिकडेच राहिल्या. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये चंपतराव आणि मी उरलो. ते भातात वरण कालवून उभ्यानेच जेवायचे, टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत. मग माझं झाकण उघडायचं. पूर्वी मी दिवसातून एकदा भरली जायची, आता दोनदा भरली जाऊ लागले. मला वाटायचं, बिचाऱ्यांना माझाच काय तो आधार.

क्रेनच्या केबिनपर्यंत लोखंडी जिना आहे. त्या उन्हाळ्यात चंपतराव त्या जिन्यावर अर्ध्यात थांबू लागले. कठड्याला धरून, तोंड उघडं टाकून उभे राहायचे, असं मी टपरीवर ऐकलं. पुढे कारखान्याची नेहमीची वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं आणि मान हलवली.

"रामटेकेजी, फूँक में दम ही नहीं है। क्रेन पर बैठना है तो सिगरेट छोड़ो। बरसात के बाद फिर देखेंगे। नहीं तो नीचे का काम।"

त्या संध्याकाळी चंपतराव स्कूटरवर नुसतेच बसून राहिले. क्रेन म्हणजे त्यांचं सगळं होतं, मित्रांनो. त्या उंचीवरून लालबुंद लोखंड असं अलगद उचलायचे की खालचा माणूस मान वर करून बघायचा. घरी येऊन त्यांनी माझ्यातल्या सगळ्या सिगारेटी मोडून कचऱ्यात टाकल्या. मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात बडीशेप भरली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर श्यामरावांनी सिगारेट पुढे केली. चंपतरावांनी मला उघडून दाखवलं.

"सौंफ!" कोणीतरी मोठ्याने हसलं. "शादी हाय का बे घरी?"

"डाक्टरनं सांगतलं," चंपतराव म्हणाले.

"डाक्टर तं मले बी सांगते," श्यामराव म्हणाले. सिगारेट त्यांनी अजून पुढेच धरली होती. "एकानं का होते? घे."

चंपतरावांचा हात उचलला गेला होता, मी बघितलं. मग तो हात चहाच्या ग्लासाकडे वळला. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले. "येतो मी," म्हणाले. श्यामरावांनी पुढे केलेली सिगारेट स्वतःच पेटवली. दुसऱ्या दिवसापासून चंपतराव टपरीचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने घरी येऊ लागले. श्यामरावही कधी क्वार्टरवर आले नाहीत.

आता माझ्यात सिगारेट नव्हती, म्हणून मला पहिल्यांदा गेटाच्या आत जाता आलं. मी क्रेनच्या केबिनमध्ये गेले. ज्या जागेचा इतका अभिमान त्यांना होता, ती जागा मी बघितली. काचेची खोली, दांडे, एक पंखा. खाली माणसं मुंग्यांएवढी. आवाज इतका की कोणी हाक मारली तरी पोचू नये. आठ तास हा माणूस इथे एकटा बसतो आणि खाली उतरल्यावर त्याला कोणाच्या तरी शेजारी बसायचं असतं, हे मला तिथे कळलं. त्याची तहान नुसत्या धुराची नव्हती.

बडीशेपेने काही भागेना. मग माझ्यात लवंगा आल्या. चंपतरावांनी इतक्या चघळल्या की जीभ बधिर झाली आणि वरणाला चवच लागेना. मग औषधाच्या दुकानातून निकोटीनची गोळी आली, चघळायची. त्यांनी ती पोरांच्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली आणि संध्याकाळपर्यंत उचक्या देत बसले. डॉक्टरांनी समजावलं, "चबाओ कम, गाल में दबाकर रखो।" तसं केल्यावर जरा बरं वाटू लागलं. पण संध्याकाळ झाली की हात रिकामे व्हायचे. ते कधी मला या हातातून त्या हातात घ्यायचे, कधी माझं झाकण उघडायचे आणि लावायचे. टक. टक. त्या रिकाम्या घरात तेवढाच आवाज.

त्यांच्याच खात्यातल्या रोशनने एक दिवस पेनासारखी एक नळी आणून दिली. "काका, हे घ्या. धुआँ नहीं है, सिर्फ भाप. मी तं यानंच सोडली," असं म्हणता म्हणता त्याने स्वतःच तिचे दोन-तीन झुरके घेतले. ती नळी माझ्यात मावेना, म्हणून माझ्या शेजारी खिशात बसली. तिला आंब्याचा वास यायचा. मला तिचा भारी मत्सर वाटला. चंपतराव न्हाणीघरात, अंथरुणात, भाजी चिरताना, सारखी ती ओढू लागले. आपल्या देशात अशा ई-सिगारेटच्या विक्रीला बंदी आहे आणि आत निकोटीनच असतं, हे डॉक्टरांकडून कळल्यावर त्यांनी ती परत केली.

"सिगरेट निदान विझत होती बे रोशन," ते म्हणाले. "हे तं विझतच नाही."

पावसाळा सरत आला. एका रविवारी दुपारी पुण्याहून सुजाताबाईंचा फोन आला. दिवाळीलाही जमणार नाही, लहान्याला ताप येऊन राहिला म्हणाल्या. चंपतराव म्हणाले, "मी सिगरेट सोडली."

"तुमी हजारदा सोडली," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, आणि मागे मूल रडलं म्हणून फोन ठेवला.

चंपतराव बराच वेळ खाटेवर बसून होते. मग चप्पल घालून बाहेर गेले आणि एक सुटी सिगारेट घेऊन आले. ती त्यांनी माझ्यात ठेवली, निकोटीनच्या गोळ्यांवर. मित्रांनो, खरं सांगते, त्या ओळखीच्या वासाने मला क्षणभर बरं वाटलं. माझे जुने दिवस परत आले असं वाटलं. पण त्यांनी गॅलरीत उभं राहून ती पेटवली, आणि इतके खोकले, इतके खोकले की कठड्यावर ओणवे झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते खोकल्याचंच होतं असं मला वाटलं नाही.

अर्धी सिगारेट विझवून त्यांनी पुन्हा पुण्याला फोन लावला.

"सुजाता, मी आता ओढली. सोडली होती हे बी खरं हाय, अन् आज ओढली हे बी खरं हाय."

 मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"सांगतलं तं," सुजाताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "इतक्या वर्षांत कवा सांगतलं नव्हतं तुमी. सोडली म्हणून मंग लपवूनच ओढत होते." मग म्हणाल्या, "मले तिथं येता येत नाही. पण संध्याकाळी मन झालं का मले फोन करत जा. पोरं रडून राहिली तरी मी उचलीन."

आणि त्या उचलायच्या. कधी चंपतराव नुसतेच "हं, हं" करायचे आणि तिकडून पोरांचा गोंधळ ऐकायचे. घर रिकामंच होतं. पण माझं झाकण टक-टक वाजणं कमी झालं.

बरसातीनंतरची तपासणी झाली. चंपतराव पोरासारखे नवा शर्ट घालून गेले होते. नळीत सगळा जीव ओतून फुंकलं त्यांनी. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मी ओळखलं.

"बहुत सुधार है, रामटेकेजी। सच में। सिगरेट मत पकड़ना, और सुधरेगा। लेकिन ऊपर भेजने लायक अभी नहीं है। मैं झूठ नहीं लिख सकता।"

क्रेन गेली. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं, तेच गेलं. त्यांना खाली भांडारात काम मिळालं. पहिल्या दिवशी ते मान वर करकरून क्रेनकडे बघत होते. तिथे आता रोशन बसला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी लांबचा रस्ता धरला नाही. स्कूटर सरळ मरोद्याच्या टपरीवर नेली.  आता हे ओढणार, आणि यांना कोण काय म्हणणार? सोडून तरी काय मिळालं होतं त्यांना?

बाकावर श्यामराव एकटेच होते. चंपतराव शेजारी बसले. 

"ऐकलं मी, क्रेन काढली तुयी," श्यामराव म्हणाले. मग रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "एक सांग चंपत. तू सिगरेट सोडली होती का मले सोडलं होतं?"

चंपतराव गडबडले. "तुले पाहलं का तलफ येत होती बे. म्हणून येत नव्हतो."

"मंग मले सांगाचं ना! मले वाटलं, मीच खराब झालो तुयासाठी." श्यामरावांनी सवयीने पाकीट काढलं, चंपतरावांकडे पाहिलं आणि ते तसंच खिशात घातलं. थोड्या वेळाने त्यांना राहवेना. ते उठले. "मले काई सुटत नाही. मी तिकडं झाडामागं जाऊन ओढून येतो. तू बस. जाऊ नको."

"नाही जात," चंपतराव म्हणाले.

टपरीवाल्याने दोन चहा आणून ठेवले. चंपतरावांनी गोळी गालात दाबली. श्यामरावांच्या चहावर माशी बसू लागली, तेव्हा त्यांनी त्या ग्लासावर आपला हात धरला आणि झाडाकडे बघत बसून राहिले. क्रेन गेल्यानंतरचा तो पहिलाच दिवस होता, आणि त्यांनी सिगारेट ओढली नाही.

त्यालाही आता बराच काळ लोटला. चंपतरावांना गोळ्याही लागत नाहीत. म्हणून मीही लागत नाही. मी फळीवर पडून असते. माझ्यात ना लवंग, ना बडीशेप. झाकणावर धूळ बसली आहे. संध्याकाळी दार ओढून घेतल्याचा आवाज येतो, चंपतराव टपरीवर जातात, आणि मी खिशात नसते. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मी विसरली गेले, हाच त्यांच्या सुटकेचा पुरावा आहे, म्हणून मी कुरकुर करत नाही.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मला घासायला कोणी नाही आलं तरी चालेल. पण तुमच्या घरात, शेजारी, कोणी विडी-सिगारेट सोडत असेल, तर त्याला हसू नका आणि "एकानं काय होतं" असं कधीही म्हणू नका. तो चिडेल, उठून जाईल, एखादेवेळी चुकेलही. त्या दिवसांत त्याचे हात रिकामे असतात आणि संध्याकाळ फार मोठी असते. तुम्हाला काही करता आलं नाही तर नुसते त्याच्या शेजारी जाऊन बसा. चहा थंड झाला तरी उठू नका.