आधी शेपटी, मग मान

धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षी विणकराचे कान पुरते गेले. मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेला माणूस. लग्नात कोण काय बोलतंय ते कळेना, तर सगळ्यांकडे बघून नुसता हसत होता. त्याच्या बायकोनं ते बरोबर ओळखलं.

तिला तो लाडानं टकळी म्हणायचा. तिची जीभ म्हणून थांबायची नाही. पण स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तसं त्यानं बोलणंच टाकलं. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं. टकळी त्याच्या पुढ्यात बसून हात नाचवायची, आणि तो नजर खाली घालून चहा प्यायचा.

कारखान्यात हाच माणूस भुवया, मान, खांदे हलवून लांबच्या मागावरच्या गड्याशी थट्टामस्करी करायचा. डबा द्यायला जाई तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. ते बोलणं तिच्या वाट्याला कधी आलं नाही. त्यानं आपल्याशी दोन शब्द बोलावेत, कसेही, म्हणून तिचा जीव तुटायचा.

परसातल्या कुंपणावर एक सरडा यायचा. धुणं वाळत घालताना ती त्याच्याकडे बघत राही.

"आई, सरड्याशी काय बोलतेस?" माहेरी आलेल्या धाकटीनं विचारलं.

"तुझ्या बापापेक्षा बरा गं बाई. मान तरी हलवतो."

"तुझ्यासाठी नाही हलवत! ती बघ त्याची कारभारीण, पलीकडच्या झाडावर."

टकळीनं नीट पाहिलं. सरडा आधी शेपटी झटकायचा. मादीचं तोंड वळलं, की मगच पुढच्या पायांवर अंग उचलून मान वरखाली करायचा, गळा लालबुंद. ती बघत नसली, तर पुन्हा शेपटी.

"मेलं माझं डोकं!" ती म्हणाली. "मी यांच्या नाकाला चिकटून बडबडते. आधी बोलावते कुठं?"

विणकर पायरीवर बसला होता. ती परसाच्या पार टोकाला गेली आणि ओली चादर डोक्यावरून गरगर फिरवली. त्यानं मान वर केली. तिनं चादर टाकली, हनुवटी त्याच्याकडे उडवली, बोटं तोंडाशी नेली. जेवणार का?

त्याची पाठ ताठ झाली. एक खांदा उचलून त्यानं भुवई वाकडी केली. तिला काही कळेना. मग त्यानं तेच सावकाश करून दाखवलं, नव्या कामगाराला शिकवावं तसं, आणि शेवटी चिमटीनं मीठ भुरभुरवल्यासारखं करून डोळे फिरवले.

"आई, बाबा विचारतायत, आज तरी मीठ घातलंय का!" धाकटी हसत सुटली.

"अहो, जिभेला हाड आहे का तुमच्या?" टकळी ओरडली, आणि पदरानं डोळे पुसले.

मग रोज दोघं परसाच्या दोन टोकांना बसून बोलायची. मागावरून लांबच्याशीच बोलायची सवय, जवळ आलं की त्याला जमायचं नाही. त्याच्या तोंडची हाक मात्र तिला परत ऐकू आली नाही. पायरीवर त्याच्या शेजारी बसावंसं वाटे, तरी ती उठून लांब जायची.

पुढच्या वर्षी धाकटीला मुलगी झाली. त्याच महिन्यात, एका दुपारी, विणकर वारला.