चेअरमनच्या गाडीतला गारवा

दुष्काळ बघायला येणाऱ्या साहेबांना ऊन लागू नये, याची काळजी त्या आठवड्यात सगळ्या तालुक्याला पडली होती. शहाऐंशीचा मे महिना. विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत, माणसं रोजगार हमीच्या कामावर. साहेबांना हे सगळं आरामात बघता यावं म्हणून साखर कारखान्याचे चेअरमन तात्याराव आपली अँबॅसिडर देणार होते, कारण आसपास एसी बसवलेली तेवढी एकच गाडी होती. आणि नेमका तिचाच एसी गरम वारा फेकायला लागला. ज्यानं ऐकलं तो पोट धरून हसला.

मच्छिंद्र ओव्हाळ मात्र हसला नाही, कारण गाडी त्याच्याकडं आली होती. येरमाळ्याच्या नाक्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. सोलापुरात एका फ्रीजवाल्याच्या हाताखाली काम शिकून तो गावी परतला, ‘गाडीचा एसी दुरुस्त करून मिळेल’ अशी पाटी लावली आणि तेव्हापासून पंक्चर काढत बसला. येरमाळ्यात एसीची गाडी आणणार कोण? त्याची आई पुतळाबाई त्याची भरपूर चेष्टा करायची.

“तुज्या पाटीला गिऱ्हाईक यायला माजा जल्म जाईल, बाबा. तवर म्या खडी फोडते.”

आणि ती खरोखरच पाझर तलावाच्या कामावर जायची. पोरगा नको नको म्हणायचा, ती पदर खोचून निघायची. घरात बसून खाल्लेला घास तिच्या घशाखाली उतरत नसे, असला तिचा ताठा. मच्छिंद्र चिडायचा, भांडायचा आणि शेवटी तिची भाकरी फडक्यात बांधून द्यायचा.

अशात चेअरमनची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. त्यानं साबणाचा फेस केला आणि एकेका जोडावर बोटानं लावत गेला. कॉम्प्रेसरजवळच्या नळीच्या जोडावर फेस फुगू लागला. गॅस तिथूनच निसटत होता. त्यानं जोड उघडला, आतली झिजलेली रबरी रिंग बदलली, पंप लावून नळ्यांमधली हवा ओढून काढली आणि दाब दाखवणाऱ्या गेजकडं बघत बसला. काटा जागचा हलला नाही. गळती थांबली होती. लगेच लाईट गेली, पण पंपाचं काम झालं होतं, त्यामुळं त्याला त्याचं काही वाटलं नाही. इंजिन चालू करून त्यानं टाकीतून नवा गॅस भरला आणि आत बसून एसीच्या तोंडावर हात धरला. गार वारा आला. त्याच्या दंडावर काटा आला आणि तो एकटाच वेड्यासारखा हसला.

ते हसू फार टिकलं नाही. गेजचा दुसरा काटा चढत निघाला, पट्टा किंचाळायला लागला, वारा पुन्हा कोमट झाला. त्यानं घाईनं एसी बंद केला आणि गाडीच्या पुढं उकिडवा बसून आत डोकावला. रेडिएटरच्या पुढं एसीची एक जाळी असते. गॅसनं गाडीतली उष्णता आणायची आणि ह्या जाळीनं ती बाहेर टाकायची, एवढंच तिचं काम. पण तिला वारा लागायला पाहिजे. ह्या जाळीत सुई जाईल एवढीसुद्धा फट उरली नव्हती.

चेअरमनचा ड्रायव्हर बंडप्पा बाजूला विडी ओढत बसला होता. साधा, भित्रा माणूस, पण गाडीला जिवापाड जपणारा. टंचाई असली तरी चेअरमनची गाडी न धुता काढायची नाही, हा त्याचा नेम. म्हणून तो रोज सकाळी तांब्याभर पाण्याचे शिपके मारायचा आणि फडकं फिरवायचा. मग दिवसभर कामांवरची धूळ बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिपके, पुन्हा धूळ. आख्ख्या उन्हाळ्याचे थर त्या जाळीवर वाळून बसले होते.

“अण्णा, गाडी धुताय का सारवताय?” मच्छिंद्र म्हणाला.

“मग काय बिनधुता काढू? मानसं नावं ठेवतील की चेअरमनला.”

मच्छिंद्रनं ब्रश मारून बघितला, तर जाळीची पातळ पानंच वाकायला लागली. हवा मारावी तर लाईट नाही. इंजिनच्या बाजूनं जोरात पाणी मारलं तरच तो चिखल सुटणार होता. गॅरेजात पाणी होतं एक घागर, तेही प्यायचं. पहाटे टँकरवर भांडून पुतळाबाईनं भरून आणलेलं. गाडी दुसऱ्या दिवशी लागणार होती. संध्याकाळी टँकर आला की बघू, असं म्हणून त्यानं हात पुसले आणि भाकरी सोडली.

तेवढ्यात कामावरचा ट्रॅक्टर धुरळा उडवत गॅरेजसमोर थांबला. ट्रॉलीत हरणाबाई बसली होती. ही धनगराघरची म्हातारी पुतळाबाईच्या जोडीनं खडीच्या पाट्या उचलायची. तिच्या मांडीवर पुतळाबाईचं डोकं होतं.

“मच्छिंदर, धाव रं! हिला ऊन लागलं! खडी फोडता फोडता पडली!”

त्यानं मायला उचललं आणि हादरला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि ठणठणीत कोरडं, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते, पण पोराला ओळखत नव्हते.

“कोंडिबा,” ती पुटपुटली, “बैलं सोडा की, कोंडिबा.”

कोंडिबा म्हणजे मच्छिंद्रचा मेलेला बाप. पुतळाबाईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्याच्या वेळीसुद्धा लाजून पळून जायची, असं तीच सांगायची. ते नाव मच्छिंद्रनं आज तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ही आता कुठल्या मुलखात आहे, हेच त्याला कळेना.

गावातला डॉक्टर कळंबला गेला होता. एसटीला वेळ होता. धाराशिवचा मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर, आणि दारात गाडी एकच. त्यानं बंडप्पाकडं बघितलं. बंडप्पाची विडी हातातच विझली.

“चेअरमनला काय सांगू मी?” तो म्हणाला. “मला घरी बसवतील रं.”

“अण्णा, पाया पडतो तुमच्या.”

बंडप्पानं पुतळाबाईकडं बघितलं. मागच्या सीटवरचं पांढरंशुभ्र कव्हर काढायला त्यानं हात घातला, मच्छिंद्रची नजर आपल्यावर आहे हे त्याला दिसलं आणि त्यानं तो हात मागं घेतला. दार उघडून तो म्हणाला, “घाल आत.”

“थांबा!” हरणाबाई ओरडली. “आदी पानी वता तिच्या अंगावर. मेंढरू आसं पडलं तर आमी पयलं पानी मारतो. ती घागर आन हिकडं!”

मच्छिंद्रनं घागर उचलली. आणि इथंच त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. जागा व्हायला दुसरी वेळ मिळाली नाही त्याला! घागरभर पाणी अंगावर ओतलं, तर ते क्षणात वाळून जाईल, असं त्याला वाटलं. पुढं तासभर त्या भट्टीतून न्यायचं कसं? तेच पाणी जाळीला मारलं तर? गॅस भरलेला आहे, गळती बंद आहे, अडलंय ते एवढ्या चिखलापाशी. दवाखान्यापर्यंत माय गारव्यात जाईल. सगळ्या जिल्ह्यात गारवा असलेली जी एकच जागा आहे, ती आपल्या दारात उभी आहे आणि ती चालू करायची अक्कल फक्त आपल्याला आहे. आयुष्यभर पंक्चर काढलेल्या माणसाला असं वाटलं, तर त्यात नवल ते काय?

“न्हाय मावशी. पानी गाडीला लागतंय.”

“आरं, गाडी मरतीय का माय मरतीय?”

“तुमाला न्हाय कळायचं! मशीन हाय ते. बर्फावानी गार करतंय!”

तो डोक्यात राख घातल्यासारखा ओरडला. आपण कुणावर ओरडतोय याचंही त्याला भान नव्हतं. उघड्या बॉनेटखाली वाकून त्यानं तांब्या तांब्यानं पाणी मारायला सुरुवात केली. काळा चिखल ओघळला. थर सुटले, जाळीची पानं चमकायला लागली. खालच्या भेगाळलेल्या जमिनीनं ते पाणी पडल्या पडल्या पिऊन टाकलं. हरणाबाईनं घागरीच्या तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यात पदर भिजवला आणि शिव्या देत पुतळाबाईच्या ओठांवर धरला.

बंडप्पानं इंजिन चालू केलं. काटा चढला, थोडा थरथरला आणि जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबला. एसीच्या तोंडातून वारा आला, नुसता गार नव्हे, झोंबणारा. मच्छिंद्रनं गेजच्या नळ्या काढल्या, बॉनेट आपटलं. “झालं! माय, झालं बग!” म्हणत तो हरणाबाईच्या मदतीनं मायला घेऊन मागं शिरला. सगळ्या काचा त्यानं गच्च लावून घेतल्या. गारवा बाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

गाडी धाराशिवच्या रस्त्याला लागली. बाहेर झळा नाचत होत्या, आत थंडी पसरत होती. अशी गाडी येरमाळ्याच्या कुठल्या माणसानं कधी अनुभवली नव्हती. मच्छिंद्र मायचं डोकं मांडीवर घेऊन वारा तिच्याकडं वळेल असा हात धरून बसला होता. थोड्या वेळानं त्याची बोटं गार पडली. हरणाबाईनं पदर अंगाभोवती लपेटून घेतला. बंडप्पानं शर्टाची वरची गुंडी लावली. गाडीत सगळ्यांना थंडी वाजत होती, पुतळाबाई सोडून.

तिचं अंग तसंच होतं. मच्छिंद्र दर घडीला तिच्या कपाळाला हात लावायचा, मग पोटाला, मग तळव्यांना. आपला हातच गार पडलाय म्हणून ती गरम लागतीय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मग ती समजूतही पुरेना.

“उतरंल,” तो म्हणाला. “जरा येळ लागतो. उतरंल.”

हरणाबाईनं पुतळाबाईचा कोरडा पाय हातात घेतला होता आणि ती तो सारखा चोळत होती.

“अण्णा, जोरात घ्या!”

“जोरातच हाय रं, लेकरा.”

बैलं सोडा, बैलं सोडा, एवढं एकच मायचं चाललं होतं. पुढं तेही थांबलं. मच्छिंद्रनं तिला हाका मारल्या. लहानपणी मारायचा तशा, लाडानं, मग रागानं, मग नुसत्याच मोठमोठ्यानं. त्या बंद गाडीत त्याचाच आवाज त्याच्यावर आदळत होता. त्यानं पुढं वाकून एसीचं बटण आणखी फिरवायचा प्रयत्न केला. ते आधीच टोकाला होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा श्वास चालू होता. तरुण डॉक्टर धावत आला. त्यानं तिच्या अंगाला हात लावला आणि ओरडला, “पाणी आणा! चादरी भिजवा! पंखा इकडं घ्या!” नर्सनी बादल्या आणल्या, चादरी भिजवून अंगावर टाकल्या, वर पंखा सोडला. मच्छिंद्र दारात उभा राहून बघत होता. साधं पाणी आणि वारा. दुसरं काहीच नव्हतं त्यांच्याजवळ. पाणी वाळत होतं आणि वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जात होतं. बघता बघता अंग उतरायला लागल्याचं एक नर्स म्हणाली, आणि त्यानं दाराची चौकट घट्ट धरली. पण फार वेळ गेला होता. आतलं सगळं आधीच होरपळलं होतं. पुतळाबाईनं एकदा मोठा श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही.

डॉक्टर बाहेर आला. मच्छिंद्र भिंतीला टेकून खाली बसला होता, शेजारी हरणाबाई.

“अंगावर पाणी नाही मारलं वाटेत?” डॉक्टरनं विचारलं. आवाजात राग नव्हता. “ओलं करून, काचा उघड्या ठेवून आणलं असतं, तरी...”

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. त्याच्या आधी हरणाबाई बोलली.

“पानी न्हवतं, सायेब.”

डॉक्टरनं मान हलवली. त्या सालात ह्या उत्तरावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

“होतं!” मच्छिंद्र ओरडला. “घागरभर होतं, सायेब! भरलेली घागर होती!”

वऱ्हांड्यातली माणसं वळून बघायला लागली. हरणाबाईनं त्याचं डोकं ओढून आपल्या कुशीत दाबलं. “डोस्कं फिरलंय लेकराचं,” ती रडत म्हणाली. “पानी कुठलं आलंय, सायेब? समदा दुस्काळ.”

डॉक्टर खाली बसला आणि त्यानं मच्छिंद्रच्या पाठीवर हात ठेवला.

“पाणी असतं तर वाचल्या असत्या,” तो समजुतीनं म्हणाला. “यात तुमचा काही दोष नाही.”