रॉयच्या कपाटातला ठोकळा

नवरा रॉय वारल्यावर डार्लीनने गॅरेजमधलं त्याचं कपाट पहिल्यांदाच उघडलं, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा तिच्या हाती लागला. रायफलचा मधला सांगाडा होता तो. बाहेरून आकार आलेला, आतली पोकळी कोरायची राहिलेली. रॉयने तो मागवला तेव्हा कायद्याच्या लेखी तो नुसता धातूचा तुकडा होता. पुढे राज्याने कायदा बदलला. नंबर न कोरलेला असा अर्धवट सांगाडा घरात ठेवणंही गुन्हा ठरलं. तोवर रॉयने अंथरूण धरलं होतं. ठोकळ्याची आठवण कुणाला राहणार?

एकटी असती तर ती एवढी घाबरली नसती. पण तिचा मुलगा कर्टिस तुरुंगातून पॅरोलवर, म्हणजे अटींवर, सुटून तिच्याकडेच राहत होता. त्याच्या आसपास बंदुकीचा सुटा भाग सापडला तरी त्याची रवानगी परत आत.

तिने ऑर्व्हिलला फोन लावला. त्याचं बंदुकांचं दुकान होतं आणि रॉयबरोबर तो वर्षानुवर्षं शिकारीला गेला होता. नंबर कोरून घ्यायची मुदत केव्हाच संपली, असं तो म्हणाला.

"वहिनी, नदीत फेकू नका आणि गाडीत घालून माझ्याकडेही आणू नका. वाटेत कुणी अडवलं तर तुम्हीच अडकाल. आहे तिथे ठेवा आणि शेरीफच्या पोलीस कचेरीला कळवा."

"आणि कर्टिसचं काय?"

"आधी कळवा," म्हणून ऑर्व्हिलने फोन ठेवला.

टायरच्या दुकानातलं काम आटोपून कर्टिस घरी आला. ठोकळ्याचं ऐकताच गॅरेजच्या दाराकडे त्याने पाठ फिरवली.

"फोन करू नकोस, आई. बाबांचं आहे म्हटलं तर कोण मानणार? मेलेल्या माणसावर सगळेच ढकलतात."

"मग काय करू? पुरू परसात?"

"हो, पूर."

एवढ्यात अंगणात गाडी वळली. पॅरोल अधिकारी ताफोयाबाई न कळवता आल्या होत्या.

स्वयंपाकघरात बसून त्यांनी कामाची, झोपेची चौकशी केली. कर्टिस कशीबशी उत्तरं देत होता. शेवटी बाई उठल्या आणि गॅरेज बघते म्हणाल्या. कर्टिसने आईकडे पाहून हलकेच मान हलवली. नको, सांगू नको.

डार्लीन गॅरेजच्या दारात आडवी उभी राहिली.

"बाई, आधी माझं ऐका. आत माझ्या नवऱ्याची एक वस्तू आहे, बंदुकीचा सुटा भाग. आजच सापडली. हात लागलाय तो फक्त माझा."

ताफोयाबाईंचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. त्यांनी कर्टिसला बेड्या घालून पायरीवर बसवलं आणि शेरीफच्या माणसाला बोलावलं. शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. कर्टिस मान खाली घालून बसला होता. आईकडे त्याने एकदाही बघितलं नाही. आत त्या माणसाने ठोकळ्याचे फोटो काढले, ऑर्व्हिलला फोन गेला. रॉयने ठोकळा मागवला तेव्हा आपण सोबत होतो आणि त्या वेळी कर्टिस तुरुंगात होता, असं त्याने सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही. तुरुंगाकडून कर्टिसच्या शिक्षेच्या तारखा येईपर्यंत ऊन उतरलं.

शेरीफचा माणूस ठोकळा घेऊन गेला, मग बेड्या निघाल्या. "आज नेत नाही याला," ताफोयाबाई म्हणाल्या. "अहवाल मात्र लिहावा लागेल."

कर्टिस न जेवता खोलीत गेला.

सकाळी कामावर निघताना तो दारात घुटमळला. "रविवारी गॅरेज रिकामं करू," म्हणाला. "आधी तू सगळं बघून घे. मग मी येतो."